यकृतावरची गाठ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बी. ए.ची पदवी आणि केंद्र सरकारातील अडीच तपांची नोकरी एवढीच आमची शिदोरी. तरीही वैद्यकातील विषय घेऊन आपणापुढे उभे आहोत, याला कारण आमचीच एक चूक.

गतवर्षी सोनोग्राफीत आमच्या यकृतावर गाठ दिसली. डॉक्टरांनी औषध टोचून एम. आर. आय. करण्यास सांगितले. आम्ही तो कागद उतईच्या घरी कपाटात ठेवला आणि तीन महिने कोणापाशी चकार शब्द काढला नाही. आयुष्यभर इतरांच्या प्रलंबित प्रकरणांवर शेरे लिहिले. स्वतःचे प्रकरण मात्र दाबून ठेवले. अखेर कागद सौभाग्यवतींच्या हाती लागला आणि दुसऱ्याच दिवशी रायपूर गाठावे लागले.

या तपासणीचे मर्म असे आहे. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, उरलेले धमनीतून. हाताच्या शिरेत गॅडोलिनियमयुक्त औषध टोचून ठराविक अंतराने चित्रे घेतात. यकृतात उद्भवणारा कर्करोग बहुधा धमनीच्या रक्तावर पोसतो. म्हणून तो आरंभीच उजळतो आणि पुढे भोवतालच्या यकृतापेक्षा काळवंडतो. पाण्याची साधी गाठ उजळतच नाही. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ कडेने उजळत सावकाश आत भरत जाते. काही औषधे तर यकृताच्या पेशीच शोषून घेतात. वीसेक मिनिटांनी निरोगी भाग उजळतो आणि जेथे तशा पेशी नाहीत ती जागा बहुधा काळी राहते. मूत्रपिंडे अधू असल्यास किंवा शरीरात पेसमेकर असल्यास मात्र आधीच सांगावे.

आमची गाठ कडेने भरणारी, निरुपद्रवी निघाली. परंतु हे आमचे दैव, शहाणपण नव्हे. जुनी ‘ब’ कावीळ किंवा सिरोसिस असलेल्या माणसाला हेच तीन महिने फार महाग पडू शकतात.

गावाकडे कळले तर वडीलधाऱ्यांना घोर लागेल, म्हणून परमुलखात आपण आजार लपवतो. पण मग मंडळ कशासाठी? गणपतीच्या वर्गणीसाठी आपण एकमेकांच्या दारी निःसंकोच जातो. असा कागद हाती आला तर तसेच जावे. दार उघडेल, आणि रायपूरपर्यंत सोबतही मिळेल.