वाटसरूचा परवाना



आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल की, ही तर तिकिटाच्या खिडकीवर विचारण्याची गोष्ट. तिला व्याख्यानपीठ कशाला? पण या मंडपात अशी घरे थोडीच असतील की, ज्यांचे कोणी ना कोणी समुद्रापार नाही. त्यांना भेटावयास निघालेला माणूस एका देशातून निघतो, दुसऱ्यात पोचतो आणि वाटेत तिसऱ्या देशाच्या विमानतळावर दोन-चार तास बसून राहतो. त्या तिसऱ्या देशात त्याला ना राहावयाचे, ना काही कमवावयाचे. तरीही त्या देशाची परवानगी अनेकदा लागते, आणि पुष्कळांना हे कळते ते निघण्याच्या दिवशी.

याचे मूळ जुने आहे. १९४४ साली शिकागो येथे राष्ट्रे जमली आणि विमानांच्या संचाराचा एक करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्या राष्ट्रांच्या विमानांना एकमेकांच्या मुलखावरून उडण्याची व इंधनासारख्या कारणासाठी तेथे उतरण्याची मुभा मिळाली. ती मुभा विमानाला मिळाली. आत बसलेल्या माणसाला नव्हे! माणसाला दारात घ्यावे की नाही, हे ठरविणे त्या त्या देशाने आपल्याच हाती ठेवले.

पुढे संगणक आला. १९९६ साली ऑस्ट्रेलियाने कागदाशिवाय मिळणारी प्रवास-अनुमती सुरू केली. २००९ पासून अमेरिकेने व्हिसामाफी असलेल्या देशांच्या प्रवाशांना अशी अनुमती सक्तीची केली आणि २०१६ साली कॅनडाने तोच मार्ग धरला. कॅनडात हिला ‘ई-टी-ए’ म्हणतात. शुल्क ७ कॅनडियन डॉलर. मुदत ५ वर्षे किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. ती पासपोर्टाशी बांधलेली असते. पासपोर्ट नवा झाला की अनुमतीही नवी. बहुतेकांना ती काही मिनिटांत मिळते, काहींना मात्र दिवस लागतात. ब्रिटनचा नागरिक टोरोंटोत महिनाभर राहणार असो की तासाभराने मेक्सिकोच्या विमानात बसणार असो, त्याला ती हवीच. गंमत अशी की, तोच गृहस्थ मोटारीने सरहद्दीवर आला तर ती लागत नाही.

आता एक कुटुंब कल्पू. मुलगा, सून आणि आई दिल्लीहून टोरोंटोमार्गे अमेरिकेस निघाली आहेत. तिघे एकाच रांगेत, एकाच विमानात. मुलाजवळ भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचे ग्रीन कार्ड आहे. टोरोंटोसाठी त्याला ना अनुमती लागत, ना व्हिसा. सुनेचा पासपोर्ट ब्रिटिश. तिला ई-टी-ए हवी. आईचा पासपोर्ट भारतीय आणि त्यावर अमेरिकेचा व्हिसा. तिला ई-टी-ए मागताच येत नाही. अमेरिकेचा व्हिसा असूनही कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. अठ्ठेचाळीस तासांच्या आत पुढे जाणाराला तो विनाशुल्क मिळतो. पण अर्ज आधी करावयास हवा. म्हणजे तिघांत जिला या व्यवहाराची माहिती सर्वांत कमी, तिच्यावरच भार सर्वांत मोठा.

आणि हे तपासतो कोण? विमान सुटण्यापूर्वी कंपनी प्रवाशाची माहिती कॅनडाकडे पाठविते आणि न्यावे की नेऊ नये, याचे उत्तर तिला मिळते. योग्य कागदांवाचून माणूस नेला तर कंपनीला दंड, शिवाय त्याला परत आणण्याचा खर्च तिच्याच माथी. मग काउंटरवरची मुलगी दया दाखवील कशी? कॅनडाचा नाका आता दिल्लीच्या काउंटरवर येऊन बसला आहे.

सरकारचीही एक बाजू आहे. पुढे जातो म्हणून उतरलेला माणूस पुढे गेलाच नाही तर? येणारा कोण हे आधी कळावे, ही अपेक्षा आम्ही अवास्तव मानीत नाही. पण तिला मर्यादा घालता येते, हे ब्रिटनने दाखविले. तेथेही अशीच अनुमती वाटसरूंना लावली होती. प्रवासी दुसऱ्या विमानतळांकडे वळतात, अशी तक्रार हीथ्रोने केली. आणि जानेवारी २०२५ मध्ये, हीथ्रो व मँचेस्टर येथे सीमातपासणी न ओलांडता विमान बदलणाऱ्यांना तूर्त सूट मिळाली. विमानतळाची तक्रार ऐकली गेली. काउंटरवरून परत फिरलेल्या म्हातारीची तक्रार कोण ऐकणार?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. जो तिकीट विकतो त्याने, पैसे घेण्यापूर्वी, वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाचा नियम ग्राहकाच्या पासपोर्टाप्रमाणे सांगितला पाहिजे. ही त्याची मेहरबानी नव्हे, कर्तव्य आहे. आणि आपणही तिकीट काढताना, ‘कुठे जायचे?’ एवढ्यावर न थांबता ‘कुठून जायचे?’ हे विचारावे. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून, प्रत्येकासाठी वेगळे विचारावे. स्वस्त तिकिटाच्या मोहाने वाट बदलली तर पुन्हा विचारावे.