दारू कमी झाली, की सांगणं कमी झालं?

आजचा प्रश्न: एकच मानसिक गोष्ट अनेक पद्धतींनी मोजली, तर त्या आकड्यांना कोणतं सांख्यिकी मॉडेल लावायचं? उदाहरण आपल्याकडचंच घेऊ.

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये लागली, 2021 मध्ये उठली. समजा, दोन्ही जिल्ह्यांत आपल्याला माणसाची दारूची ओढ आणि त्याची उदासी मोजायची आहे. प्रश्नावली त्यालाच दिली, बायकोला दिली, आणि सोबत तेंदूपत्ता तोडणाऱ्या चौघांनाही दिली. तिघांचे आकडे जुळणार नाहीत. बंदीच्या गावात माणूस स्वतःबद्दल कमीच सांगेल. बायको रात्रीचं पाहते, सोबती दिवसाचं.

कॅम्पबेल आणि फिस्क यांनी 1959 मध्येच सांगितलं होतं, की प्रत्येक आकड्यात गुणासोबत पद्धतही मिसळलेली असते. ती वेगळी कशी काढायची?

मी आधी काय करायचो, तर चार मॉडेल चालवायची आणि ज्याचा फिट चांगला, ते उचलायचं. इथे ते फसतं. प्रत्येक गुणाला एक आणि प्रत्येक पद्धतीला एक फॅक्टर देणारं मॉडेल दिसायला छान, पण अनेकदा उत्तरच देत नाही, नाहीतर विचरण चक्क ऋण येतं.

मायकेल आइड आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडलेला मुद्दा सोपा आहे: आधी पद्धती कोणत्या जातीच्या आहेत ते बघा. चौघे सोबती एकमेकांच्या जागी चालतात. तिथे बहुस्तरीय मॉडेल लावा. चौघांत समान ते माणसाचं, उरलेलं ज्याच्या त्याच्या नजरेचं. नवरा आणि बायको मात्र एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तिथे एकाला आधार धरायचं आणि दुसऱ्याच्या उत्तरातलं वेगळेपण पद्धतीच्या फॅक्टरमध्ये टाकायचं. दोन्ही प्रकार असतील, तर दोन्ही मॉडेल जोडायची.

बायकोला आधार धरलं, की खरा प्रश्न विचारता येतो: बायकांची उत्तरं सारखी असताना गडचिरोलीतला नवरा चंद्रपुरातल्यापेक्षा कमी सांगतो का? फक्त नवऱ्याला विचारलं असतं, तर बंदीने पिणं घटलं की कबुली घटली, हे कळलंच नसतं. अर्थात, आधार म्हणजे सत्य नव्हे. बायकोही भीतीपोटी गप्प बसू शकते.

म्हणून कोड लिहिण्याआधी एवढंच लिहून काढा: कोण सांगतंय, आणि त्याला काय दिसतं? भेटू पुढच्या भागात.