गाडी, नौका आणि मागची कमान

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत शुक्रवारची संध्याकाळ झाली कीं समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एक निराळीच मिरवणूक दिसूं लागते. पुढें दणकट फोर व्हील ड्राइव्ह मोटार, मागें ट्रेलर आणि त्यावर पट्ट्यांनीं आवळून बांधलेली मासेमारीची नौका. यांतील कांहीं गाड्या जमिनीशीं समांतर चाललेल्या असतात. कांहींची पाठ मात्र खालीं दबलेली व नाक आकाशाकडे वळलेलें असतें. रात्रीं अशा गाडीचे दिवे रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतात. मग मालक मनाशीं ठरवितो कीं, मागच्या स्प्रिंगा बदलून अधिक कणखर बसविल्या म्हणजे झालें. त्याचें हें अनुमान निम्मेंच खरें आहे. राहिलेलें निम्में जिवावर बेतणारें आहे.

गाडीच्या पाठीमागें एक लोखंडी गोळा असतो. ट्रेलरची दांडी त्यावर बसते आणि कांहीं भार त्यावर टाकते. हा भार किती असावा, याचें शास्त्र मराठी शेतकऱ्याला परकें वाटणार नाहीं. बैलगाडींत माल फार मागें लादला कीं गाडी उलाळ होते, जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें. फार पुढें लादला तर ती धुरजड होऊन बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचेंही तेंच. ऑस्ट्रेलियांत सर्वसाधारण वहिवाट अशी कीं, ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा गोळ्यावर असावा. नौकेचें इंजिन अगदीं पाठीशीं टांगलेलें असल्यामुळें नौकांच्या ट्रेलरांत तो बहुधा याहून कमीच भरतो. दबलेली पाठ लपविण्यासाठीं कोणी नौका आणखी मागें सरकवितात. गाडी सरळ दिसते खरी, पण ट्रेलर उलाळ होतो आणि वेग वाढतांच डावीउजवीकडे झोले खाऊं लागतो. हे झोले एकदां वाढले म्हणजे चालकाचें सुकाणूवरील कौशल्य फारसें कामास येत नाहीं. स्प्रिंगांचा खर्च वाचविण्याचा याहून वाईट मार्ग नाहीं.

आतां थोडा हिशेब. नौकेसह ट्रेलर २५०० किलो व गोळ्यावरचा भार २५० किलो धरावा. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर २८५० मिलिमीटर, आणि गोळा मागच्या आंसाच्या मागें १२०० मिलिमीटर. मागचा आंस हा येथें तरफेचा टेकू होतो. त्यामुळें पुढच्या चाकांवरील सुमारें १०५ किलो भार उचलला जातो आणि मागच्या आंसावर २५० नव्हे, तर ३५५ किलो पडतात. मागची प्रत्येक स्प्रिंग एक मिलिमीटर दबण्यास चार किलो लागत असतील, तर गाडी मागें सुमारें ४४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन इंच बसते. स्प्रिंग जितकी दाबावी त्या प्रमाणांत तिचें बळ वाढतें, हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. सारा व्यवहार त्याच नियमाचा आहे.

कणखर स्प्रिंग घातली तर ४४ चे ३० मिलिमीटर होतील, गाडीची पाठ वर येईल, दिवेही रस्त्यावर पडतील. परंतु पुढच्या चाकांवरून उचलले गेलेले ते १०५ किलो परत येत नाहींत. तरफ जेथें होती तेथेंच असते. गाडी वळविण्याचें सारें काम आणि थांबविण्याचें मोठें काम पुढचीं चाकें करतात. तीं हलकीं झालीं असतां गाडी दिसावयास सरळ असली म्हणून निर्धास्त होतां येत नाहीं. किंबहुना दबलेली पाठ हा एक इशारा असतो. नुसती स्प्रिंग बदलणारा मनुष्य इशारा तेवढा पुसून टाकतो. गोळा आंसाच्या जितका जवळ आणतां येईल तितका आणणें आणि गाडींतील जड सामान मागच्या दारापासून काढून पुढें घेणें, हे बिनखर्चाचे उपाय प्रथम करावे.

एवढें करूनही स्प्रिंगांची गरज उरते, हें मान्य केलें पाहिजे. १९४८ च्या पहिल्या लँड रोव्हरला पोलादी पाट्यांच्या कमानी होत्या. १९७० च्या रेंज रोव्हरनें चारही बाजूंस वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आणल्या व मागें भाराप्रमाणें उंची सांवरणारें एक साधनही दिलें. आजही माल वाहणाऱ्या गाड्यांना बहुधा पाटे असतात आणि कुटुंबाच्या गाड्यांना वेटोळीं. पाट्यांच्या कमानींत एखादा पाटा वाढवितां येतो. वेटोळें मात्र समूळ बदलावें लागतें. सतत भार वाहणाऱ्या गाडीला कायमची कणखर स्प्रिंग शोभते. पण जिचा मालक आठवडाभर एकटाच कचेरींत जातो आणि महिन्यांतून एकदां नौका ओढतो, त्याला तीच स्प्रिंग रोजच्या रस्त्यावर हाडें खिळखिळीं करणारी वाटेल. अशासाठीं वेटोळ्याच्या पोटांत बसणारी रबरी हवेची पिशवी सोयीची. नौका जोडली कीं हवा भरावी, सोडली कीं कमी करावी.

पाट्यांच्या गाडीला मात्र ही हवेची पिशवी जपूनच लावावी. पाट्यांची कमान आपला भार पुढच्या व मागच्या टोंकांशीं, अशा दोन ठिकाणीं गाडीच्या सांगाड्यावर टाकते. पिशवी या दोहोंच्या मध्यें बसते आणि बराचसा भार एकाच जागीं वर रेटते. मागें लांबवर लोंबणारा गोळा, त्यावर जड ट्रेलर आणि खालीं पन्हाळी पत्र्यासारखा कच्चा रस्ता असा योग जुळला म्हणजे सांगाडा त्या जागीं वांकतो, प्रसंगीं चिरतो. दोन रांगा आसनें असलेल्या मालवाहू गाड्यांचे असे वांकलेले सांगाडे ऑस्ट्रेलियाच्या आडबाजूच्या प्रदेशांत पुष्कळदां दिसलेले आहेत. पोलाद वांकण्याआधीं ओरडत नाहीं.

स्प्रिंगेबरोबर शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलणें ओघानेंच येतें. दबलेली स्प्रिंग उसळून वर येतांना तिला लगाम घालणें हें त्याचें काम. कणखर स्प्रिंगेला जुना मवाळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठेवला, तर प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी दोनतीनदां डोलते आणि प्रत्येक डोलण्यासरशी ट्रेलरलाही हिसका बसतो.

कायद्याची बाजू याहून रूक्ष, पण तितकीच महत्त्वाची. गोळ्यावरचा भार गाडीच्या स्वतःच्या वजनांत धरला जातो, हें अनेक मालकांच्या गांवींही नसतें. मोकळी गाडी २७०० किलो व भरलेल्या गाडीची मर्यादा ३३०० किलो असेल, तर ६०० किलो उरतात. गोळ्याचे २५० गेले, चार माणसांचे ३०० गेले. मग बर्फाची पेटी, हत्यारें व पाण्याचे डबे मिळून पन्नास किलोंत बसवावे लागतात. नव्या स्प्रिंगांनीं ही मर्यादा आपोआप वाढत नाहीं. ती वाढवावयाची तर मान्यताप्राप्त संच बसवून त्याचा रीतसर दाखला घ्यावा लागतो. तेव्हांही टायर, आंस आणि ओढण्याची मर्यादा यांचा विचार वेगळाच राहतो. ट्रेलरचे नियमही पाहावे: ७५० किलोंवर वजन गेलें कीं ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवे, आणि २००० किलोंवर गेलें कीं ते सर्व चाकांना हवे, शिवाय ट्रेलर तुटून सुटला तर आपोआप लागणारे हवे.

म्हणून कारखान्यांत जाण्यापूर्वीं वजनकांट्यावर जावें. टाक्या भरून, माणसें बसवून, नौका जोडून प्रत्येक आंस निराळा तोलावा. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंस मोजावी. नौका जोडण्यापूर्वीं एकदां व जोडल्यावर एकदां. हे आंकडे हातांत असले म्हणजे स्प्रिंग विकणाऱ्याशीं बोलणें सोपें जातें. नौकेची इंधनाची टांकी पाठीशीं असेल, तर ती भरलेली व रिकामी असतांना गोळ्यावरचा भार बदलतो. तोही दोनदां तोलावा.

नौका पाण्यांत उतरवितांना गाडीचीं मागचीं चाकें खाऱ्या पाण्याशीं जातात, आणि पाट्यांच्या फटींत शिरलेलें मीठ आंतल्या आंत पोलाद खात राहतें. घरीं आल्यावर नौका धुण्याचा उत्साह सर्वांना असतो. त्याच नळाची धार गाडीच्या पोटाखालीं, स्प्रिंगांवर व ब्रेकांवरही सोडावी. नव्या स्प्रिंगा पहिल्या कांहीं आठवड्यांत थोड्या बसतात. तेव्हां महिन्या-दीड महिन्यानें तीच उंची पुन्हां मोजून जुन्या आंकड्यांशेजारीं लिहून ठेवावी.