हसायलाही पुढच्या रांगेत बसू या



गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, शेळ्या, शिलाई मशीन यावर बोलतो. आज आम्ही जरा वेगळा विषय घेतलाय. तिकीट काढून, समोर बसून विनोदाचा कार्यक्रम बघायचा, हा तो विषय. मुंबई-पुण्यात याला स्टँडअप कॉमेडी म्हणतात. एक माणूस, एक माईक आणि पुढं बसलेली माणसं. 'हे शहरातलं खूळ' असं काही जणींना वाटतं. पण आपल्या सातारा-सांगलीला हे काही नवं नाही.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगवलं, तेव्हापासून मराठी नाटकाचा इतिहास मोजतात. त्यांच्या खेळातही सूत्रधाराच्या जोडीला विदूषक होताच. जत्रेतला तमाशा आठवा. गण होतो, गौळण होते, पुढं बतावणी आणि वग. सोंगाड्याचं निम्मं बोलणं त्या गावात, त्या रात्री, समोरची माणसं बघून सुचलेलं असतं. आपल्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' वगातल्या त्यांच्या हवालदारांनी सगळा महाराष्ट्र हसवला. ज्या वर्दीला गाव भ्यायचं, तिच्यावरच गाव पोट धरून हसलं. आटपाडीकडच्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर, त्यांच्या जोडीला शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार, हे तिघं गावोगाव कथाकथन करत. ना पडदा, ना पोशाख. नुसत्या बोलण्यावर माणसं खिळून राहायची.

पण समोर बसायचं कोण? तमाशाच्या कनातीत बहुतेक पुरुषच. आपल्या आज्ज्यांनी तमाशा ऐकला तो घरात, अंथरुणावर पडून, लांबून येणाऱ्या ढोलकीच्या आवाजात. गौळणीतली मावशीसुद्धा लुगडं नेसलेला पुरुषच. हसवणारा पुरुष, हसणारे पुरुष, मग विनोद कुणावर होणार? बायकोवर, सासूवर, काळ्या रंगावर, जाड्या अंगावर. आणि बाई मोठ्यानं हसली, तर 'दात काय काढतेस' हे ठरलेलं.

आता टीव्हीवर, मोबाईलवर विनोद घरात आला, हे चांगलंच झालं. पण टीव्हीतल्या माणसाला आपण हसलो की उठून भाकरी टाकायला गेलो, हे कळत नाही. समोरच्या माणसाला मात्र लगेच कळतं. ज्या वाक्याला हशा येतो ते पुढच्या गावीही जातं. ज्याला येत नाही ते गळतं. म्हणजे आपलं हसणं हे एक मतच झालं. तिथं आपण नसलो, तर आपलं मत पडत नाही.

हे आम्ही स्वतः बघितलंय. आमच्या गटातल्या बारा जणी सांगलीत असा कार्यक्रम बघायला गेलो होतो. तिसरी रांग आमची. कलाकार तरुण, चांगला हसवत होता. मध्येच त्यानं बचत गटावर गाडी नेली. बायका बैठकीला जातात त्या चहा प्यायला आणि सुनांच्या चहाड्या करायला, असं काहीतरी. मागं हशा झाला. आमची रांग गप्प. त्याचं लक्ष गेलं. "काय मावशी, आवडलं नाही?" त्यानं विचारलं. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या सदस्य बसल्या जागेवरनं म्हणाल्या, "चहा आम्ही पितो रं, पण तुझ्या काकाच्या मोटारीचा हप्ता कोण भरतं ते इचार की!" सगळं नाट्यगृह हसलं. त्यानं हात जोडले आणि पुढची दहा मिनिटं पाण्याच्या मोटारीवर, हप्त्यावर आणि कर्ज बायकोच्या नावावर काढणाऱ्या नवऱ्यांवर बोलला. आम्ही डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसलो. तो विनोद आधीच्यापेक्षा चांगला होता, कारण तो खरा होता.

आता जायचं कसं, ते सांगतो. पैसा बचतीतला घ्यायचा नाही, कर्ज तर नाहीच. आम्ही दर महिन्याला वीस रुपये वेगळे काढले, वेगळ्या वहीत लिहिले. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग करा. रविवारचा दुपारचा प्रयोग निवडा. रात्रीचाच असेल, तर परतीची जीप आधी ठरवा, शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. साताऱ्यात शाहू कला मंदिर आहे, सांगलीत भावे नाट्यमंदिर आहे. काय कार्यक्रम लागलाय हे फोन करून विचारा. त्यात शिवराळ बोलणं आहे का, हेही विचारायला लाजू नका.

आणि घरच्या परवानगीचं? आमच्यातल्या एकीची सासू नको म्हणत होती. आम्ही सासूबाईंचंच तिकीट काढलं. सासू-सून शेजारी बसल्या. सासूवरचा विनोद आला, तेव्हा दोघींनी आधी एकमेकींकडं बघितलं आणि मग हसल्या. परवा त्या सासूबाईच विचारत होत्या, आता पुढचं कधी?

कुणी म्हणेल, हसायला पैसे घालवायचे? मैत्रिणींनो, दुखलं म्हणून दवाखान्यात पैसे घालतो, लग्नाच्या आहेरात घालतो, तेव्हा कुणी विचारत नाही. वर्षातले तीन तास आपल्यासाठी काढले, तर घर बुडत नाही. आणि लोक काही म्हणोत, हसतील त्याचे दात दिसतील.

पुढच्या बैठकीत हा विषय इतिवृत्तात घ्या. जायचं ठरलं, तर मागं कोपऱ्यात बसू नका. पुढं बसा. पटलं तर मोकळं हसा, नाही पटलं तर खुशाल गप्प बसा. समोरच्याला दोन्ही ऐकू जातं.