‘अनटचेबल’ कुणी वाचली?



मी मॅट्रिक. गोदीत गोण्या उचलतो, कविता लिहितो. समीक्षकांची भाषा मला येत नाही. मुल्कराज आनंदांची ‘अनटचेबल’ वाचून जे डोक्यात गेलं, ते सांगतो.

१९३५ साली लंडनात ही कादंबरी निघाली. आधी १९ प्रकाशकांनी ती परत केली होती. ई. एम. फॉर्स्टरची प्रस्तावना मिळाली तेव्हा कुठं छापली गेली. म्हणजे संडास साफ करणाऱ्या १८ वर्षांच्या पोराची एका दिवसाची गोष्ट, तिला बाहेर पडायला मोठ्या साहेबाची चिठ्ठी लागली! मग मात्र वाहवा. भाषांतरं झाली, विद्यापीठांत लागली.

आनंद खोटं लिहीत नाहीत, हे कबूल. बखा चार आण्यांची जिलबी घेतो, रस्त्यात एकाला धक्का लागतो आणि थोबाडीत बसते. ती आपल्या गालावर वाजते. त्याची बहीण सोहिनी विहिरीपाशी घागर घेऊन ताटकळते, कारण कुणी वरून ओतलं तरच पाणी. देवळाचा पंडित तिच्या अंगाला झोंबतो, ती ओरडली की ‘बाटलो, बाटलो’ म्हणून तोच बोंबलतो. कुठल्या वस्तीला हे नवीन आहे?

पण ती प्रस्तावना वाचा. फॉर्स्टर म्हणतो, हे पुस्तक युरोपियन लिहू शकला नसता, आणि अस्पृश्यही लिहू शकला नसता. तो संतापात आणि स्वतःच्या कीवेत अडकला असता. बघा साल्याचं! मार आम्ही खायचा, लिहायचं मात्र शांत डोक्याच्या शेजाऱ्यानं. आमचा संताप म्हणजे लिहिण्यातली खोट. हे वाक्य कितीजणांना खटकलं? १९५९ साली अण्णाभाऊंचा ‘फकिरा’ आला, १९६३ला बाबूराव बागूलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९७८ला दया पवारांचं ‘बलुतं’. संताप होता म्हणूनच ही पुस्तकं उभी राहिली. साहेबाच्या चिठ्ठीवाचून.

आणि शेवट. बखासमोर तीन वाटा: पाद्री, गांधी, आणि फ्लशचा संडास. फॉर्स्टरला फ्लश पटला. बाबासाहेब कुठंच नाहीत. सोहिनी विहिरीवर खोळंबलेली, आणि पुस्तक निघायच्या आठ वर्षं आधी, २० मार्च १९२७ला, महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्यात हात घातला होता. हस्तलिखित साबरमतीला वाचून दाखवलं, गांधींच्या सल्ल्यानं कापलं, असं आनंदच सांगतात. तिथं वाचलेल्या पुस्तकात महाड कसं येणार?

फ्लश तर घरोघर आला. कायदे १९९३ला झाले, २०१३ला झाले. त्या फ्लशचं जिथं जातं, त्या गटारात उतरून मरणारा अजून बखाच आहे. यंत्र बदललं, उतरणाऱ्याची जात तीच.

पुस्तक जरूर वाचा. प्रस्तावना शेवटी वाचा. आणि मग इथं येऊन माझ्याशी भांडा.