आम्ही ज्याला फितूर समजलो

(भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक भागात राहणाऱ्या शेतकरी कुटुंबांच्या बैठकीत केलेले भाषण)



तुमच्यापैकी बहुतेकांचे बिऱ्हाड इथे इंद्रलोकात आणि सातबारा गावाकडे. बाप शेतात, लेक लोकलमध्ये. गावाकडे काय चालले आहे ते तुम्हाला रात्रीच्या फोनवर कळते, आणि पुष्कळदा फोनवर जे बोलले जात नाही त्यावरून जास्त कळते. म्हणून आजचा विषय जिल्ह्याच्या सभेआधी तुमच्यापुढे मांडतो आहोत. विषय मनाच्या आजाराचा आहे. हसू नका. या जिल्ह्यात हा शब्द काढला की कोणीतरी 'ठाण्याला पाठवा' म्हणतेच. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. सव्वाशे वर्षे होत आली, आपला विनोद काही बदलला नाही.

हा विषय आम्ही बरीच वर्षे टाळला. त्याला कारण होते. शेतकऱ्याने जीव दिला की कागदावर दारू, घरगुती भांडण, मानसिक ताण असे लिहिलेले आम्ही पाहिले आहे. भावाचे नाव नसते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि बाजारात माल त्याच्या खाली विकला गेला. अशा वेळी कोणी समुपदेशक पाठवतो म्हणाले की आमच्या अंगाचा तिळपापड होतो. भाव द्यायचा नाही आणि वर शेतकऱ्याच्या डोक्यातच बिघाड आहे म्हणायचे, हा कावा आम्ही ओळखून आहोत. पण कावा ओळखण्याच्या नादात आजार ओळखायचा राहिला, आणि ही चूक एका माणसाला जवळजवळ जिवावर बेतली.

तो आमचा कार्यकर्ता. आज इथेच बसला आहे. नाव घ्या म्हणतो, आम्ही घेणार नाही. आंदोलनाच्या ऐन भरात त्याने तीन आठवडे नुसता धुमाकूळ घातला. रात्री दोन तास झोप, पहाटे चारला फोन, दिवसात सात गावे, बोलणे असे की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. बैलजोडी विकून त्याने जीपवर कर्णे चढवले. खात्यावर चार आकडी रक्कम, आणि तेलगिरणी काढतो म्हणून तीन शेजाऱ्यांना शब्द दिला. आम्ही काय केले? सभेत त्याला उभे करून टाळ्या वाजवल्या. कार्यकर्ता असावा तर असा, म्हणालो.

दोन महिन्यांनी तो यायचा बंद झाला. फोन उचलेना. खळ्यावर सोयाबीन तसेच पडलेले आणि हा बाजेवर भिंतीकडे तोंड करून. आम्ही म्हणालो, फुटला. दुसऱ्या पक्षाने गाठला असणार. वहिनी आमच्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, हे पहाटे तीनला उठून विहिरीवर जाऊन बसतात." आम्ही त्यांना जे उत्तर दिले त्याची आज लाज वाटते. कामाला लावा, आळस जाईल, असे आम्ही म्हणालो.

त्याची लेक इथे इंद्रलोकात राहते. ती गावी आली, बापाकडे एकदा पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन इकडे आली. ठाण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तिच्याकडून दोन्ही हकिकती ऐकल्या, टाळ्यांची आणि बाजेची, आणि सांगितले की हा एकच आजार आहे. त्याला द्विध्रुवीय विकार म्हणतात. त्यात कधी उन्माद चढतो, कधी उदासीनता येते. लेकीने ते तीन आठवडे सांगितले नसते तर नुसते उदासीनतेचे औषध सुरू झाले असते, आणि अशा रोग्यात त्याने उन्माद उसळू शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरचे माणूस बरोबर हवे. रोग्याला स्वतःचा उन्माद आजार वाटत नाही, कर्तबगारी वाटते. आम्हालाही तशीच वाटली होती.

आम्ही कृषी पदवीधर, म्हणून शेतातले सांगतो. तूर सुकायला लागली की पहिला माणूस म्हणतो, पाणी द्या. जमिनीत ओल असूनही झाड माना टाकते तेव्हा खोड चिरून पाहावे लागते. आत काळपट रेघ दिसली की तो मर रोग, बुरशीचा. त्याला पाणी देऊन काय होणार? आता एकाच शेतात पाण्याचा ताणही असू शकतो आणि मरही असू शकते. मर आहे म्हणून पाटाच्या पाण्याची मागणी खोटी ठरत नाही. भाव आणि आजार यांचे नाते आम्हाला असे दिसते. कर्जाने माणूस खचतो, खचलेल्या माणसाला आजार लवकर गाठतो, आणि आजारी माणसाच्या हातून शेत आणखी बुडते. कर्ज नसलेल्यालाही तो होतो, हेही ध्यानात घ्या.

दुःख आणि उदासीनतेचा आजार यांत फरक कसा करायचा? दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न किंवा कशातच रस नाही. पहाटे लवकर जाग, भूक गेली, लक्ष लागत नाही, आपण घराला भार आहोत असे वाटणे, मरणाचे विचार. आपली माणसे मात्र यातले काही सांगत नाहीत. डोके जड आहे, हातपाय गळून गेलेत, एवढेच सांगतात, आणि सलाईन लावून घरी येतात.

उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडणारे पुष्कळ, आणि बरे वाटले म्हणून सोडणारे त्याहून जास्त. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी लागते, आणि ती डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायची.

आमच्या कार्यकर्त्याला लिथियम चालू आहे. भाईंदर हे मिठागरांचे गाव, म्हणून मुद्दाम सांगतो, हे औषधही एक मीठच आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादावर त्याचा उपयोग १९४९ साली दाखवून दिला. पिकाला बोरॉन जसे थोडे कमी पडले तरी नुकसान आणि थोडे जास्त झाले तरी विष, तसे हे आहे. म्हणून रक्तातले प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड ठरावीक मुदतीने तपासावे लागतात. मे महिन्यात उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायले, जुलाब झाले, मीठ एकदम सोडले किंवा अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेतल्या, तर प्रमाण धोक्यापर्यंत चढू शकते. हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे ही त्याची खूण. लगेच डॉक्टर गाठायचा.

विजेच्या झटक्यांची भीती सिनेमाने घातली. ते भूल देऊनच द्यावे लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीशिवाय देण्यास मनाई आहे. तीव्र आजारात त्यांनी जीव वाचतात.

गोळीइतकेच बोलणेही उपचार आहे. गोव्यात संगाथ संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठकांची पद्धत बसवली. २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त लोक सुधारले. तिच्यातही रोग्याला कामाला लावतातच, पण शेजारी बसून, आज अंगणापर्यंत, उद्या गोठ्यापर्यंत, असे ठरवून. आम्ही वहिनींना सांगितले ते हे नव्हे. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या बळावर दीड वर्षात उदासीनतेसाठी उपचार मागणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ४ वरून २७ वर गेले. अमरावतीत झाले ते आपल्या तालुक्यात का होऊ नये?

एक गोष्ट आज रात्रीच फोन करून सांगा. फवारणीचे औषध घरात ठेवू नये. कुलपात ठेवावे, आणि घरात कोणी असे खचलेले असेल तर किल्ली दुसऱ्याकडे असावी. श्रीलंकेने १९९५ साली मोनोक्रोटोफॉस आणि १९९८ साली एंडोसल्फान बंद केले. १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर जवळजवळ निम्म्यावर आला, आणि शेतीचे उत्पादन बुडाले नाही. लोकांची दुःखे काही संपली नव्हती. त्या घडीला हाताशी काय होते, एवढाच फरक पडला. आणि कोणी काही करून बसलाच तर पोलीस केसच्या भीतीने दवाखान्याला उशीर करू नका. २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरले जाते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येते.

आमचा कार्यकर्ता आता पुन्हा शेती करतो. लेकीने त्याच्या झोपेचा तक्ता ठेवला आहे. दोन रात्री झोप चार तासांच्या खाली गेली की ती डॉक्टरांना फोन लावते. रात्रीचे दौरे आम्ही त्याला देत नाही, त्यावरून तो आमच्यावर चिडतो. परवा म्हणाला, "फितूर म्हणालात ते गिळलं, पण जीपवरून उतरवलंत ते नाही." चिडू दे.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याच्या माणसाने एवढे लिहून आणावे : आपल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, तिथे कोणत्या गोळ्या मिळतात, आणि लिथियमची रक्ततपासणी कुठे होते.