खोकल्याची नोंद

(हिंगोलीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत माल उचलणारा माणूस. कविता करतो, पण आज कविता म्हणायला उभा नाही. आज हळदीबद्दल बोलायचंय.

वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. लोक पिवळं सोनं म्हणतात. सोनं कुणाचं नि धूळ कुणाची, एवढंच मला विचारायचंय.

हळद काढायची, शिजवायची, वाळवायची नि पॉलिशच्या ड्रममध्ये टाकायची. ड्रम फिरतो, हळकुंडावर हळकुंड घासतं. साल सुटते, मुळ्या तुटतात, वाळलेली माती उडते. हळकुंड चकचकीत होतं. उडालेलं सगळं ड्रमपाशी उभ्या माणसाच्या छातीत जातं. पुढं मोंढ्यात पोती फेकताना हमालाच्या छातीत. उरलेलं वाऱ्याबरोबर शेजारच्या वस्तीवर, रांजणातल्या पाण्यावर. ती वस्ती कुणाची, हे या सभेत सांगायला पाहिजे का? गावानं काल मेलेलं ढोर ओढायला लावलं, आज धुळीत उभं केलंय. वास बदलला, माणसं तीच.

माझी माय त्या ड्रमपाशी राबली. तोंडाला पदर बांधायची. पदरानं बारीक धूळ अडत नाही. मातीत वाळूचा अंश असतो. तिची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की बसली. मी बोललो की माय म्हणायची, "हळद हाय लेका, औषध हाय. त्यानं काय व्हतंय?" आज ती चार पावलं चालली की बसते.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, विडी ओढता का? चूल पेटवता का? काम कोणतं करता, हे नाही विचारलं. कागदावर लिहिलं : दमा. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरनं 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं आणि सांगितलं, रोग्याला त्याचा धंदा विचारा. सव्वातीनशे वर्षं झाली. माझ्या मायला अजून कुणी विचारलेलं नाही.

कायदा नाही असं नाही. कामापायी होणाऱ्या रोगांची यादी 1948 च्या कारखाना कायद्यात होती. तसा रोग दिसला की सरकारला कळवायचं. पण आधी ती जागा कारखाना ठरायला हवी. विजेवर चालणाऱ्या जागेला त्या कायद्यात 10 मजूर लागायचे, 2020 च्या संहितेनं 20 केले. मायच्या ड्रमपाशी सहाजण होते. म्हणजे कारखाना नाही, कामगार नाही, रोग नाही. नुसता खोकला.

हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे. पण मंडळाच्या वहीत नाव चढलं, तरच त्याचा उपयोग. ज्याचं नाव वहीत नाही त्याच्या खोकल्याला मालक नाही.

म्हणून दोस्तांनो, नुसत्या घोषणा पुरे. ड्रम झाकून घ्या, धूळ ओढणारा पंखा लावा, धूळ अडवणारे मास्क द्या, वर्षातून एकदा छाती तपासा, ही मागणी घेऊन मोंढ्यावर जाऊ. पण आधी शंभर पानी वही घ्या. नाव, वय, काम कोणतं, किती वर्षं, खोकला कधीपासून, घरोघर जाऊन लिहा. डॉक्टरनं धंदा विचारला नाही तर आपण सांगायचा नि कागदावर लिहून घेतल्याबिगर उठायचं नाही.

वही मी आणलीय. पहिलं नाव मायचं लिहिलंय. दुसरं कोण सांगतं?

जय भीम.